गुरुवारपुरतं टेबल

माझ्या नातीच्या साखरपुड्यात फोटो दाखवायला लावलेला लॅपटॉप मध्येच अडकला, आणि माझा मुलगा भर हॉलमध्ये ओरडला, "आत्याला जरा लांब बसवा रे, तिच्या हातात करंट आहे!" सगळे हसले. व्याही हसले, वाढपी हसले. ती आत्या, म्हणजे माझी अक्का, तीही हसली आणि हसता हसता तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. ते मी पाहिलं, आणि हातातला घास परत पानात ठेवला. हा विनोद आमच्या घरात वर्षानुवर्षं चालू आहे. अक्का टीव्हीचं बटण दाबत नाही, रिमोट घेत नाही, फोन आला तर पदर हातावर गुंडाळून धरते, आणि पोरं तिला "करंटवाली आजी" म्हणतात. विनोद मुळात कुठून आला हे माझ्या मुलाला माहीत नाही. मला माहीत आहे. त्या दिवशी पानावरून उठून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मुलाच्या कानाखाली वाजवावी असं वाटत होतं, पण मारायला पाहिजे होतं दुसऱ्याच कुणाला. त्या माणसांपैकी बहुतेक आता नाहीत. एक आहे. तो हे लिहितो आहे.

आम्ही तेव्हा नाशिकला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आबा नगरपालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर होते. माणसाच्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते पहाटे निघायचे. ती चावी दाराच्या चौकटीला लागून जो ठण्ण आवाज व्हायचा, तेच आमचं घड्याळ. त्यानंतर माय चूल पेटवायची, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग शेजारच्या घरातून पहिली बादली. आबांनी पाणी सोडलं की अख्ख्या वस्तीत भांड्यांचा गोंधळ उठायचा आणि माय अभिमानाने म्हणायची, "आलं बघ तुझ्या बापाचं पाणी." भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फळीवर चामडी खोळीतला ट्रान्झिस्टर. उडदाची डाळ घोटून केलेली आमटी, तिच्यावर लसणाची फोडणी, बाजरीची भाकरी, आणि पगाराच्या आठवड्यात सुकटीची चटणी. सुकट तव्यावर पडली की वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि आबा दारातूनच विचारायचे, "आज काय, लगीन हाय का घरात?"

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण शकुंतला. तिला लासलगावला दिली होती. तिच्या नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली, तेव्हा अक्काने एक शब्द न बोलता ट्रंक भरली आणि एसटीत बसून घरी आली. माय कपाळाला हात लावून बसली. आबांनी चावी कोपऱ्यात उभी केली, ट्रंककडे पाहिलं आणि म्हणाले, "पीठ हाय ना घरात? मग भाकर टाक तिला." एवढाच निकाल. पण अक्काला बापाच्या पिठावर जगायचं नव्हतं. सातपूरच्या एका कारखान्यात बायका घेतात असं तिला नळावर कळलं आणि ती एकटी जाऊन उभी राहिली. त्या कारखान्यात यंत्रांना लावायच्या टायमरची इलेक्ट्रॉनिक कार्डं बनत. परीक्षा म्हणून चिमट्याने बारीक तुकडे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला लावले. वाकळ शिवणारे हात तिचे. तिला तिथल्या तिथे घेतलं. हंगामी म्हणून, पण संक्रांतीनंतर कायम करू असं सांगून. 'कायम' हा शब्द ती घरात असा उच्चारायची, की जणू ते कुणा माणसाचं नाव आहे. कायम झालं की लासलगावहून कोणी न्यायला आलं तरी जायला नको. कायम झालं की मायच्या नजरेतलं 'हिचं पुढं काय' मिटेल. तिला दुसरं काही नको होतं.

मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला आणि काही महिन्यांनी त्याच कारखान्यात टेस्टिंगला लागलो. माझ्या माझ्या हिमतीवर, असं मी सगळ्यांना सांगत होतो. आमचं आडनाव गावावरून पडलेलं; त्यावरून कुणाला काही कळत नसे. अक्काचं मात्र नवऱ्याकडचं आडनाव लागलं होतं, आणि ते ऐकलं की समोरच्याच्या डोळ्यांत काहीतरी जागच्या जागी बसायचं. ते मी ओळखायला शिकलो होतो. कामाच्या पहिल्या दिवशी स्टँडवर सातपूरच्या बसची वाट बघताना मी तिला म्हणालो, "अक्का, कंपनीत मला हाक मारू नको."

"म्हणजे? मिलिंद नको म्हणू? मग काय, साहेब म्हणू?" ती हसत होती.

"काहीच म्हणू नको. ओळखच दाखवू नको."

तिला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावरही ती रागावली नाही, हे मला आज सहन होत नाही. माझ्या कॉलरचा सुटलेला एक धागा तिने दातांनी तोडला आणि म्हणाली, "बरं बाबा. माझा भाऊ लय मोठा झाला." बस आली. ती पुढे बायकांच्या सीटवर जाऊन बसली, मी मागच्या दारात लोंबकळलो. पुढे रोज तसंच. तिच्या डब्यात भाकरी आणि सुकट असायची. माझ्या डब्यात मी मायला पोळी आणि बटाट्याची भाजी द्यायला लावली होती. मायने विचारलं, "तुला कधीपासून सुकट नको झाली?" मी म्हणालो, तिथे सगळे एकत्र जेवतात.  मायने कणीक भिजवली.

कार्डं जिथे जुळवत, ती खोली लांबट होती. मधोमध जस्ताच्या पत्र्याने मढवलेला लोखंडी बेंच. त्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसत. डाख द्यायच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, इस्त्र्यांसाठी वायरमनने त्या बेंचला अर्थिंग दिलं होतं, म्हणजे बेंचपासून जमिनीत एक तार गेलेली होती. बायकांची मनगटं दिवसभर त्या थंड पत्र्यावर टेकलेली असत. चपला बाहेर. जमिनीवर नवंकोरं रबरासारखं अंथरूण चिकटवलेलं, धूळ नको म्हणून. आणि सुताचे तंतू नकोत म्हणून कंपनीनेच प्रत्येकीला आकाशी रंगाच्या नायलॉनच्या साड्या दिल्या होत्या. कार्ड पूर्ण झालं की प्रत्येकीने त्याच्या कोपऱ्यावर आपल्या रंगाचा ठिपका लावायचा. अक्काचा पिवळा. कार्डं मधल्या काचेच्या खिडकीतून पलीकडे माझ्याकडे यायची. मी ती लोखंडी स्टँडवरच्या टेस्टरला लावायचो, दिवा लागला तर पास, नाही तर लाल डब्यात. पहिले काही महिने पिवळ्या ठिपक्याचं कार्ड लाल डब्यात पडलेलं मला आठवत नाही. तिचा डाख मोत्यासारखा गोल असे. सुपरवायझर धारप साहेब तिचं कार्ड उचलून इतरांना दाखवत. मी काचेमागे खाली मान घालून मनात फुगत असे. मान खाली घालून, हे विसरायचं नाही.

मग मार्गशीर्ष आला. त्या खोलीत दरवर्षी गुरुवारची लक्ष्मी मांडायची पद्धत होती. बेंचच्या एका टोकाला कलश, नारळ, झेंडूचा हार; बायका उपास धरायच्या, संध्याकाळी सुटीच्या आधी आरती व्हायची आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना केळं मिळायचं. अक्काची जागा नेमकी त्या टोकाला होती. पहिल्या गुरुवारी सकाळी कुसुमबाई, म्हणजे बेंचवरची सगळ्यात जुनी बाई, धारप साहेबांच्या कानाशी लागल्या. मग साहेब अक्काकडे येऊन गोड आवाजात म्हणाले, "शकुंतलाबाई, तुम्ही आज जरा त्या खिडकीपाशी बसा. बेंचवर गर्दी होतेय. गुरुवारपुरतं." कुणी जात काढली नाही. तसं कुणी काढत नसे. आपण शहरातली, कारखान्यातली, शिकलेली माणसं होतो. ऑफिसातून काढून टाकलेलं एक लाकडी टेबल बाहेरच्या उजेडाच्या खिडकीपाशी होतं, वर सनमायका, आणि नायलॉनच्या पट्ट्या विणलेली खुर्ची. अक्काने आपली इस्त्री, चिमटा, पिवळ्या रंगाची बाटली उचलली आणि तिकडे गेली. गुरुवार संपला. शुक्रवारी तिला कुणी परत बोलावलं नाही. तिच्या जागेवर केळीची पानं ठेवली होती. पुढच्या गुरुवारी तर प्रश्नच नव्हता. गुरुवारपुरतं टेबल तिचं कायमचं झालं, आणि तो 'कायम' तिने मागितलेला नव्हता.

त्या वर्षी नाशिकला थंडी कोरडी पडली होती. ओठ फुटायचे, केस कंगव्याला चिकटून उभे राहायचे, नायलॉनचा स्वेटर डोक्यावरून काढला की तडतड आवाज यायचा. अक्का घरी येऊन भाकरी मोडता मोडता म्हणाली, "त्या टेबलावर बसते तशी बोटाला चटके बसतात रे. उठून दाराची कडी धरली तरी चट्ट करतं."

"थंडीचं असतं तसं," मी म्हणालो.

"बेंचवर नव्हतं बसत."

"तेव्हा थंडी नव्हती."

शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उडवले होते मी. आयटीआयला स्थिर विद्युत हा धडा होता, परीक्षेत त्यावर उत्तर लिहिलं होतं. अंगावर नायलॉन, खाली नायलॉन, पायाखाली रबर, समोर सनमायका: बसल्या जागी बाई हलली तरी अंगात वीज साठत जाणार आणि तिला जायला वाट नाही. बेंचवरच्या बायकांच्याही अंगावर त्याच साड्या होत्या, पण त्यांची मनगटं पत्र्याला लागलेली; त्यांची वीज मुकाट जमिनीत जात होती. हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. पण मला ते कळून घ्यायचं नव्हतं, कारण कळलं असतं तर बोलावं लागलं असतं.

पिवळ्या ठिपक्याची कार्डं लाल डब्यात पडायला लागली. डाख बघावा तर मोत्यासारखा. तुकडे सगळे जागच्या जागी. पण दिवा लागत नाही. त्या कार्डांत नवीन जातीच्या चिप्स होत्या, परदेशातून आलेल्या. माणसाला टाचणी टोचल्याएवढाही न जाणवणारा झटका त्यांना आतून जाळून टाकायला पुरायचा. बाहेरून काहीच दिसायचं नाही. म्हणून मग बोलायला सगळी मोकळी झाली. कुसुमबाई म्हणाल्या, "हात असतो बाई एकेकीचा." दुसरी कुणी म्हणाली, "गुरुवारी लक्ष्मी बसलेली असते, तेव्हापासूनच सुरू झालं, बघा तुम्ही." काचेपलीकडचं सगळं मला ऐकू यायचं. अक्कालाही यायचं. तिने साबणाने हात धुवायला सुरुवात केली. दर कार्डाआधी उठायची, मोरीवर जायची, हात धुऊन पदराला पुसून परत यायची. नायलॉनच्या पदराला पुसून, नायलॉनच्या खुर्चीवर.

पौषातला दिवस. धारप साहेबांनी काम थांबवलं आणि सगळ्यांना खिडकीच्या टेबलाभोवती बोलावलं. मला म्हणाले, "टेस्टर, तो स्टँड इकडे ओढ. आज सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावू, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको." लाल ठिपक्याचं एक कार्ड त्यांनी उचललं. लाल ठिपका सुनंदाचा, बेंचवरची सगळ्यात तरुण मुलगी. मी कार्ड लावलं. दिवा लागला.

"चालू?"

"चालू, साहेब."

"ठेव टेबलावर. शकुंतलाबाई, उचला आणि द्या त्याला परत. एवढंच करायचंय."

अक्का खुर्चीत बसलेली होती. तिने हात पुढे केला, मागे घेतला, साडीला पुसला, मग कार्ड उचललं आणि माझ्यासमोर धरलं. माझा डावा हात स्टँडच्या लोखंडावर होता. उजव्या हाताने मी कार्ड घ्यायला गेलो आणि माझ्या बोटाला चट्ट करून झटका बसला. तिलाही बसला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कार्ड लावलं. दिवा लागला नाही.

"दुसरं घे," साहेब म्हणाले.

दुसरं कार्ड. चालू. तिच्या हातात. चट्ट. बंद.

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. वीज तिच्यातून कार्डात आणि कार्डातून माझ्या हातात येत होती, माझ्या हातातून स्टँडमध्ये, आणि तिथून टेस्टरच्या अर्थिंगने जमिनीत. मी दुसरा हात लोखंडावरून काढला असता तर कदाचित कार्ड वाचलं असतं. तिला फक्त उठवून बेंचच्या पत्र्याला हात लावायला सांगितलं असतं तर ते नक्कीच वाचलं असतं. "साहेब, यांना एकदा बेंचवर बसवून बघू," एवढं वाक्य पुरे होतं. पण ते वाक्य बोलणारा माणूस तिच्या बाजूचा ठरला असता, आणि मग कुणीतरी विचारलं असतं, तुला का एवढा पुळका? शिवाय ती माझ्याकडे बघत होती, आणि मला भीती वाटत होती की ती आता 'मिलिंद' म्हणेल.

"टेस्टरमध्ये काही गडबड?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. टेस्ट बरोबर आहे."

खरंच बरोबर होती. एक अक्षर खोटं बोललो नाही मी. एवढी वर्षं या वाक्यामागे लपून बसलो आणि आता त्याचीच चीड येते.

साहेबांनी दोन्ही हात पसरले. "आता मी काय बोलू? तुमच्या डोळ्यांसमोर झालं." कुसुमबाई म्हणाल्या, "जाऊ द्या साहेब, तिचा तरी काय दोष, जन्माचंच असतं." बाई दयेने बोलत होत्या!  जन्माचंच असतं. विजेलाही त्यांनी जात लावली, आणि लावणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. अक्का उठली. चिमटा ठेवला, इस्त्री बंद केली, पिवळ्या बाटलीचं बूच घट्ट लावलं. दारापाशी जाऊन चपला घातल्या. माझ्याकडे तिने परत पाहिलं नाही. भाऊ म्हणून हाक मारायची ती एक वेळ होती, आणि माझा शब्द पाळून ती गप्प गेली.

घरी गेलो तेव्हा आबा चौकटीत बसून चावीला तेल लावत होते. माय म्हणाली, "काय झालं रे कंपनीत? पोरगी बोलाना." मी म्हणालो, तिचं खातं वेगळं, मला काय माहीत. माझी बहीण चुलीपुढे पाठ करून बसली होती. तिने ते ऐकलं आणि भाकरी उलटली. संध्याकाळची गाणी लागायची वेळ झाली. रोज ट्रान्झिस्टर तीच लावायची, कान पिळून, थोडा थोपटून. त्या दिवशी ती जागची हलली नाही. "माय, तू लाव ना," म्हणाली. मायला बटण सापडेना. "तूच ये की." अक्का म्हणाली, "नको. माझ्या हाताने बिघडेल." आबांनी तेलाचं फडकं खाली ठेवलं. "कोण म्हनलं असं?" त्यांनी विचारलं. दोनदा विचारलं. खोलीत उत्तर माहीत असलेली दोन माणसं होती, आणि दोघंही चुलीकडे बघत राहिली.

पुढचं सांगताना मला सगळ्यात जास्त संताप येतो, म्हणून थोडक्यात सांगतो. खिडकीपाशी उजेड चांगला म्हणून महिन्याच्या आत साहेबांनी सुनंदाला त्या टेबलावर बसवलं. थंडी अजून होतीच. लाल ठिपक्याची कार्डं लाल डब्यात यायला लागली, तशीच, मोत्यासारख्या डाखाची, आतून मेलेली. मी वाट बघत होतो की आता सुनंदाच्याही हाताचं बोलणं निघेल. कार्ड तिच्या हातात देऊन बघायला सगळ्यांना बोलावतील. धारप साहेबांनी टेबल वर-खाली पाहिलं आणि म्हणाले, "या टेबलातच काहीतरी खोट दिसतेय." शिपायाने टेबल उचलून भंगारात नेलं. सुनंदा बेंचवर परत आली. तिचा हात कुणी काढला नाही. तिच्या बाबतीत लाकूड नासलं होतं. माझ्या बहिणीच्या बाबतीत जन्म.

मग पुण्याहून चिप पुरवणाऱ्यांचा एक इंजिनिअर आला. त्याने खोलीत दोन चकरा मारल्या, साड्या पाहिल्या, अंथरूण पाहिलं आणि हसून म्हणाला, अहो, तुम्ही तर विजेचा कारखाना काढलाय. त्याने बायकांना सुती कोट घालायला लावले, मनगटाला बांधायचे पट्टे आणि त्यातून जमिनीत जाणारी तार दिली, जमीन ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं. सगळं समजावून झाल्यावर त्याने विचारलं, ही व्यवस्था कोण बघेल? माझं नाव निघालं. "अक्काला परत बोलावू या" असं तेव्हा तरी म्हणायला काय हरकत होती? आता तर शास्त्र माझ्या बाजूला होतं. धारप साहेब एवढंच म्हणाले, "झालं ते झालं. त्या बाई कुठे असतील आता." त्या बाई माझ्या घरी होत्या. माझा शर्ट धूत होत्या. मी म्हणालो, "बरोबर आहे, साहेब."

त्याच कामावर माझी पुढची सगळी नोकरी उभी राहिली. सातपूर, अंबड, जिथे जिथे अशी कार्डं बनत, तिथे मला नव्या मुलामुलींना शिकवायला बोलवत. व्याख्यान कोरडं होऊ नये म्हणून मी सुरुवातीला एक किस्सा सांगायचो. आमच्याकडे एक बाई होती, तिच्या हातात एवढा करंट, की कार्डाला हात लावला की कार्ड खलास! हशा यायचा. मग मी खरं कारण सांगायचो, पट्टा दाखवायचो, पण पोरांच्या लक्षात बाई राहायची. तोच किस्सा मी घरी बायकोला सांगितला, मुलाला सांगितला. कोण बाई ते सांगितलं नव्हतं. पण अक्का सणाला यायची, टीव्हीपासून लांब बसायची, आणि पोरांनी आपोआप दोन्ही जोडलं. मी ते तोडलं नाही. उलट मीही हसलो.

अक्का पेठकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला लागली होती. तिथे डोंगरातल्या पाड्यांवरची पोरं. तिच्या हातची नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी खाऊन ती मोठी झाली. त्यातली काही आज शिक्षक आहेत, एक नर्स आहे, आणि ती सगळी तिला भेटायला येतात. आता ती नाशिकलाच राहते, माझ्या घरापासून जवळ. साखरपुड्यानंतर मी तिच्याकडे गेलो. दुपार होती. ती मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि बेंच, पत्रा, नायलॉन, खुर्ची, सगळं पहिल्यापासून सांगितलं. कंगवा आणि कागदाचे कपटे सांगितले. माझा हात लोखंडावर होता तेही सांगितलं, आणि हे सगळं लिहून काढणार आहे असंही. ती निवडत राहिली. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.

"म्हणजे माझ्या हातात काही नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"आन तुला कधी कळलं?"

"तेव्हाच."

तिचे हात थांबले. "तेव्हाच म्हंजे? त्या दिवशी? समोर उभा होतास तेव्हा?"

"हो."

मला वाटलं होतं ती रडेल. मी रडणाऱ्या बहिणीची तयारी करून गेलो होतो. तिने मेथीची जुडी उचलून माझ्या अंगावर फेकली. "भाड्या! आबा दोनदा विचारत होते रे! दोनदा! तो म्हातारा मरेपर्यंत मला म्हणायचा, पोरी, तुझा हात दाखव वैदाला. मी दाखवला वैदाला! त्रंबकला जाऊन धुतला! पोरांच्या पाळण्याला हात लावताना मला भ्या वाटायचं, आन तू तिकडं पट्टे वाटीत होतास?" ओरडून ओरडून तिला खोकला आला. मी पाणी द्यायला उठलो. "बस खाली," ती म्हणाली. मी बसलो. माझ्या मांडीवर, खांद्यावर मेथीची पानं होती. ती झटकायचं धाडस झालं नाही.

खोकला थांबल्यावर तिने विचारलं, "हे लिहिणार हायेस म्हणालास. काय काय लिहिणार?"

"सगळं. टेबल, साड्या, धारप साहेब..."

"ते टेबल मला का दिलं होतं, ते?"

"तेही."

"आन मी तुझी बहीण हाय हे तू कुणाला सांगितलं नव्हतंस, ते?"

मी मान हलवली.

"मान नको हलवू. पहिलं ते लिही. साहेब-बिहेब मागून."

तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलाचा होता, मला न्यायला येऊ का विचारत असणार. मी कट करणार, तेवढ्यात तिने हात पुढे केला. पदर मांडीवरच राहिला होता. तिने फोन उघड्या हाताने घेतला, घट्ट धरला, उलटसुलट करून पाहिला. तो वाजतच राहिला. "कुठं दाबायचं?" तिने विचारलं. मी दाखवलं. तिने बोट टेकवलं आणि फोन कानाला लावला.

"तुझी आत्या बोलते," ती म्हणाली. "इकडे ये. तुझा बाप तुला काहीतरी सांगणार हाय. मी समोर बसून ऐकणार."